डॉक्टर, काय बंद करायचं ते कळलं; आता वाढायचं काय ते सांगा

नांदेड आणि लातूर इथल्या समस्त डॉक्टर मंडळींना,
तसेच इथल्या आहारतज्ज्ञांना,



माझं माहेर औसा तालुक्यातलं आणि सासर नांदेडचं. नोकरीची सगळी वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवलं. त्यामुळं कुणाच्या घरी साखरेचा, बीपीचा किंवा रक्त कमी असल्याचा रिपोर्ट आला की नातलग, शेजारणी, जुन्या विद्यार्थिनी तुमची चिठ्ठी घेऊन माझ्याकडं येतात. औषधांबद्दल त्या मला काही विचारत नाहीत. ते तुमचं काम आहे हे त्यांना कळतं. त्या विचारतात चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यातल्या एका ओळीबद्दल. चिठ्ठी नांदेडच्या डॉक्टर लेनमधली असो की लातूरच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यातली, ओळ बहुतेक वेळा तीच असते : ‘भात, बटाटा, साखर, केळी, तेल-तूप, शेंगदाणे बंद.’ खाली सही आणि पुढची तारीख.

हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. करोनाच्या काळात तुम्ही या दोन्ही शहरांत काय केलं ते आम्ही पाहिलेलं आहे. सकाळपासून दारात किती गर्दी असते आणि एका रुग्णाला किती मिनिटं देता येतात, याचीही जाणीव आहे. म्हणूनच पाठीमागं कुरकुर करत न बसता ही तक्रार सरळ तुम्हालाच लिहिते आहे.

‘बंद’ची ही यादी घेऊन माणूस घरी जातो तेव्हा त्याच्या ताटात काय उरतं, याचा विचार कृपा करून एकदा करा. उरते भाकरी, उरतं पातळ वरण आणि एखादी भाजी. भात गेला म्हणून तो दोनाच्या जागी तीन भाकरी खातो आणि ‘ज्वारी साखरेला चांगली’ असं सगळ्यांनी सांगितलेलं असल्यामुळं निश्चिंतपणे खातो. तीन महिन्यांनी साखर होती तिथंच असते. मग तुम्ही विचारता, ‘पथ्य पाळत नाही का?’ तो शपथेवर सांगतो, पाळतो. दोघंही खरं बोलत असता.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात शंभर ग्रॅम ज्वारीत पिष्टमय पदार्थ सुमारे ६८ ग्रॅम आहेत, गव्हाच्या पिठात ६४ आणि पांढऱ्या तांदळात ७८. ज्वारीत तंतू दहा ग्रॅम, तांदळात तीनही नाहीत, हा फरक मोठा आहे आणि भाकरीची साखर भातापेक्षा सावकाश रक्तात उतरते, हेही खरं. पण आमच्याकडं परातभर थापलेल्या एका भाकरीला सहज ऐंशी-नव्वद ग्रॅम पीठ लागतं. दोन भाकरींत एकशेदहा ते एकशेवीस ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जातात. ज्वारीशी माझं भांडण नाही. त्या भाकरीवरच माझा पिंड पोसला आहे. लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आलं त्याचा मला मनापासून आनंद झाला होता. तरीही ‘ज्वारी खा’ एवढंच सांगून किती खायची ते न सांगणं म्हणजे गोळीचं नाव लिहून मात्रा न लिहिण्यासारखं आहे.

याबाबतीत आता आपल्याच देशातला मोठा पुरावा हाती आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनं २०२३ साली सांगितलं की भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीतल्या आहाराच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाच्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, असं त्यात दिसलं. मैदा आणि पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ एवढाच बदल केला, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. तो कमी आढळला कुठं? जिथं पिष्टमय पदार्थांचा थोडा वाटा काढून त्या जागी डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतली प्रथिनं आली होती, तिथं. म्हणजे ज्वारी, गहू की तांदूळ या वादात आपण इतकी वर्षं घालवली आणि शेजारच्या वाटीतल्या वरणाकडं कुणी बघितलंच नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार या वाटीबद्दल आहे.

लातूर म्हणजे तुरीचं आणि डाळ मिलचं गाव. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सोयाबीनचा भाव देशात काय निघेल ते बघायला लोक लातूरच्या आडतीकडं बघतात. आणि याच जिल्ह्यातल्या घरांत, वसतिगृहांत, मेसमध्ये वरण असं असतं की वाटीचा तळ दिसतो. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात माणशी रोज ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य हवं. मांसाहारी माणसाच्या बाबतीत अंडी-मांस धरून. मोठ्या पाच माणसांच्या घराला दिवसाला सव्वाचारशे ग्रॅम झालं. आमच्याकडं दोन्ही वेळचं मिळून पाव किलोवर क्वचित जातं. तुमच्यापैकी किती जण रुग्णाला विचारतात की घरात दिवसाला डाळ किती शिजते? ‘प्रोटीन वाढवा’ असं म्हणता, ते कानावर येतं. पण ‘प्रोटीन’ ही वस्तू किराणा दुकानात मिळत नाही. तिथं तूर, मूग, मटकी, हरभरा, हुलगे, शेंगदाणे मिळतात. त्यांची नावं घ्या, वाटीचं माप सांगा.

आपल्याकडं हे कधी नव्हतंच असंही नाही. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, लातूर शहर ओस पडतं; तुमच्यापैकी बरेच जणही त्या दिवशी कुणाच्या तरी शेतात कडब्याच्या कोपीसमोर बसलेले असता. त्या दिवशीची भज्जी आठवा. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आदल्या दिवशी बायका सोलत बसतात. त्यात मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, शेतात असेल ते. चिंचेचा कोळ, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, वर लसणाची फोडणी. सोबत ज्वारीचं पीठ ताकात शिजवून केलेली आंबील आणि बाजरीचे उंडे. त्या पंगतीत उंडा लहान असतो आणि भज्जी पळीपळीनं वाढली जाते. पोषण संस्थेनं सांगितलेलं ताट याहून फार वेगळं नाही : धान्य अडीचशे ग्रॅम, भाज्या चारशे ग्रॅम, शिवाय डाळी, दूध-दही आणि मूठभर दाणे-तेलबिया. हे प्रमाण वर्षातल्या एका दिवसावरून रोजच्या ताटात आणायचं, एवढंच तर रुग्णाला सांगायचं आहे. सात समुद्रांपलीकडचा ओट्स आणि किन्वा आमच्या माणसांना सांगितला की ती मान डोलावतात आणि घरी येऊन जुनंच जेवतात.

सोयाबीनचं दुःख तर वेगळंच आहे. जे शिवारात सर्वांत जास्त पिकतं ते आम्ही खात नाही. तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. शंभर ग्रॅमला पस्तीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असलेलं हे कडधान्य घरात आणायला लोक का भितात? कुणीतरी सांगितलेलं असतं की त्यानं थायरॉईड होतो, पुरुषांचं पुरुषपण कमी होतं. पुरुषांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून तपासल्या तेव्हा सोयाचा टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळला नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यानं गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं आणि सोयाबीन नीट भाजून-शिजवूनच खावं, एवढी खबरदारी पुरते. हे दोन वाक्यांत सांगण्याजोगं आहे आणि ते डॉक्टरांच्या तोंडून आलं तरच लोक ऐकतील.

आता दुसरी तक्रार, आणि ती करताना मला राग आवरावा लागतो आहे. पथ्य तुम्ही सांगता कुणाला? रुग्ण पुरुष असेल तर त्याला. त्याची बायको बाहेर बाकड्यावर पिशवी सांभाळत बसलेली असते. घरी गेल्यावर तो तिला तुमच्या पाच मिनिटांतलं एक वाक्य सांगतो : ‘डॉक्टरनं तेल बंद सांगितलंय.’ पुढची सगळी मेहनत तिची. नवऱ्याचं वेगळं, सासूचं वेगळं, लेकरांच्या डब्याचं वेगळं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं ती खाते आणि बहुतेकदा वरण संपलेलं असतं. जिच्या हातात पळी आहे तिला आत बोलावून खुर्ची द्या. त्याला एक पैसा लागत नाही.

तिचा स्वतःचा रिपोर्ट तर आणखी वाईट निघेल. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांत जवळजवळ ६९ टक्के. अशी बाई तुमच्यासमोर आली की तिला काय सांगितलं जातं? ‘बीट खा, डाळिंब खा, सफरचंद खा.’ पदार्थ लाल म्हणून रक्त वाढतं, हा समज आजीबाईंचा असता तर मी समजून घेतलं असतं. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं, डाळिंबात त्याहून कमी. बाईची रोजची गरज आहे २९ मिलिग्रॅमची. त्या गरीब बाईनं महिनाभर डाळिंबांवर पैसे घालवले, नवऱ्याची बोलणी खाल्ली आणि हिमोग्लोबिन हललं नाही, असं मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

लोह आहे ते आमच्या जुन्या चटण्यांत. कारळ, तीळ, हळीव यांत शंभर ग्रॅमला चौदा ते अठरा मिलिग्रॅम. जवसात पाचच्या वर. कारळाची चटणी मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात असायची. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा दाण्याचं कूट आणि कच्चं तेल घालून खाल्ला जायचा. अंबाडी, तांदुळजा, चाकवत बाजारात अजून मिळतात, पण शहरातल्या सुनांना त्या गावंढळ वाटायला लागल्या. वनस्पतींतलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून सोबत लिंबू, पेरू, आवळा असं आंबट-तुरट हवं आणि जेवणावर लगेच चहा नको. चहातली द्रव्यं लोह अडवतात, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. आमच्याकडं मात्र हात धुतला की चहा ठेवतात. आणि हिमोग्लोबिन सात-आठवर आलेल्या बाईला नुसत्या चटणीवर सोडू नका. तिला गोळ्याच लागतील. गोळीनं पोट बिघडतं, शी काळी होते, म्हणून ती आठवड्यात गोळ्या सोडते. असं होईल हे आधी सांगितलंत तर ती सोडणार नाही.

गरोदर बाईला ‘जास्त खाऊ नको, बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल’ असं सांगणाऱ्या सासवा अजून आहेत. बाळंतिणीला पालेभाजी दिली की बाळाला हगवण लागते, म्हणून महिना-दीड महिना भाजी बंद. केशरानं बाळ गोरं होतं म्हणून डबीवर पैसे. यातलं पहिलं आणि दुसरं सरळ घातक आहे. प्रसूतितज्ज्ञांनी सासूला समोर बसवून हे बोलायला हवं. सून बोलू शकत नाही.

आता लातूरहून निघालेल्या वादाकडं येते. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून त्यांनी दोन वेळाच जेवण्याची पद्धत लोकांपर्यंत नेली : खरी भूक लागेल तेव्हा, पंचावन्न मिनिटांत जेवण संपवायचं, मध्ये काही खायचं नाही आणि रोज पंचेचाळीस मिनिटं चालायचं. दुसरीकडं आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळानं खायला सांगत होत्या. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरांत दोन तट पडले. त्या वेळी मी वाट पाहत होते की आमच्या शहरांतले डॉक्टर एकत्र येऊन लोकांना पुराव्याचं काहीतरी सांगतील. खासगीत प्रत्येकानं मत दिलं. जाहीरपणे फार थोडे बोलले.

सांगण्यासारखं होतं. प्रागमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेवढ्याच कॅलरी सहा वेळांत आणि दोन वेळांत विभागून दिल्या, तेव्हा दोन वेळांत जेवणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. म्हणजे ‘दर दोन तासांनी खाल्लं नाही तर चयापचय मंदावतो’ या समजाला आधार नाही. उलट चीनमधल्या ग्वांगझू इथं वर्षभर चाललेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सगळ्यांच्या कॅलरी कमी केल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांना आठ तासांच्या आतच जेवायला सांगितलं होतं, तरी वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घड्याळात जादू नाही; एकूण पोटात किती आणि काय गेलं यावर बरंचसं ठरतं. काहींना दोन वेळांचा नियम पाळायला सोपा जातो आणि त्यानं खाणं आपोआप कमी होतं, त्यांना फायदा होतो. ब्रिटनमधल्या २०१७ च्या चाचणीत अगदी कमी कॅलरींच्या आहारानं एका वर्षात जवळजवळ निम्म्या रुग्णांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात आला होता. तेव्हा ‘मधुमेह कधीच मागं सरत नाही’ हे वाक्यही आता सोडून द्यायला हवं.

पण जेवणाच्या वेळा बदलण्यात एक धोका आहे आणि त्याला तुमचं रागावणं कारणीभूत आहे. डॉ. दीक्षित स्वतः ही पद्धत सुरू करण्याआधी तपासण्या करायला सांगतात. लोक ते वगळतात. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना माणूस परस्पर नाश्ता सोडतो आणि दुपारी घाम येऊन, थरथर होऊन खाली बसतो. तुम्हाला सांगत नाही, कारण तुम्ही ओरडाल. ‘आपण जेवणाच्या वेळा बदलल्यात का? बदलायच्या असतील तर गोळी मी कमी करून देतो,’ एवढं वाक्य प्रत्येक मधुमेही रुग्णाला विचारलं जायला हवं. हेच नवरात्रातल्या नऊ दिवसांबद्दल. उपवास म्हणजे पोटाला आराम, असं समजून माणूस साबुदाण्याची खिचडी खातो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. गोळी तीच आणि खाणं भलतंच, असे ते नऊ दिवस जातात.

फळांचं थोडक्यात सांगते. अर्धापूरची केळी नांदेडच्या दारात पिकतात आणि मधुमेह झाला की पहिल्यांदा केळावर बंदी येते. चीनमध्ये पाच लाख लोकांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला तेव्हा ताजी फळं नियमित खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला आणि मधुमेह्यांतही गुंतागुंती कमी दिसल्या. रस काढून नको, शिकरण नको, पण जेवणात हिशेब धरून एक लहान केळं बहुतेकांना चालतं. दवाखान्यांसमोरच्या गाड्यांवर सफरचंदांचे डोंगर असतात आणि कुणालाही भेटायला जाताना तेच नेलं जातं. शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व चार मिलिग्रॅमही नाही. पेरूत दोनशेच्या वर. पेरूनं सर्दी होते, ही समजूत तेवढी काढून टाका.

शेंगदाण्यानं कोलेस्टेरॉल वाढतं असं अजून कित्येक चिठ्ठ्या सांगतात. कुठल्याही वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसतं. शेंगदाण्यात प्रथिनं बदामापेक्षा जास्त आहेत, शंभर ग्रॅमला तेवीस-चोवीस. अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतल्या आणि शांघायमधल्या लोकांवरच्या मोठ्या अभ्यासात दाणे खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. लातूरला शिकायला ठेवलेल्या लेकरासाठी आईबाप पोटाला चिमटा काढून बदाम पाठवतात, बुद्धी चालावी म्हणून. त्यांना सांगा की दाण्याचे लाडू पाठवा, मेसमधलं वरण घट्ट आहे का बघा आणि लेकरू झोपतं किती ते विचारा.

तेलाबद्दल मात्र मोजूनच बोलायला हवं. करडईचं तेल हृदयाचं रक्षण करतं, लाकडी घाण्याचं तेल कितीही खाल्लं तरी चालतं, साजूक तुपानं सांधे सुटतात. सगळंच ऐकायला मिळतं. करडई हे आमचं जुनं पीक, त्याचा अभिमान मला आहे. पण १९६६ ते ७३ दरम्यान सिडनीत हृदयरोग्यांना लोण्या-चरबीऐवजी करडईचं तेल दिलेल्या चाचणीचे आकडे २०१३ मध्ये नव्यानं तपासले, तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त निघाले. दुसरीकडं संपृक्त स्निग्धांऐवजी वनस्पती तेलं वापरल्यानं वाईट कोलेस्टेरॉल उतरतं, हे पुष्कळ चाचण्यांत दिसलं आहे. कुठलंही एक तेल औषध नाही, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो. पोषण संस्था तेल-तूप मिळून माणशी दिवसाला २७ ग्रॅम सांगते. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास झालं. ‘तेल बंद’ म्हणण्याऐवजी ‘तुमच्या घरी महिन्याला किती डबे लागतात?’ असं विचारलं की बाई लगेच आकडा सांगते.

गुळाचा चहा साखरेच्या चहाइतकाच साखरेला वाईट. गूळ म्हणजे थोडं लोह असलेली साखरच. सैंधव मिठात पंचाण्णव टक्क्यांहून अधिक सोडियम क्लोराइडच असतं. बीपीला ते चालतं हा समज चुकीचा आहे आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं, त्यामुळं गरोदर बाईच्या घरी तर ते नकोच. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. लोणचं, पापड, फरसाण धरून आपण त्याच्या दीड-दोन पट खातो. सकाळी उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या दुधीच्या रसावर तर वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं २०११ मध्येच इशारा दिला होता : रस कडू लागला तर अजिबात पिऊ नका. कडू दुधीनं माणसं दगावली आहेत. हा इशारा तुमच्या भिंतीवर कुठं लावलेला मला दिसलेला नाही.

माळकरी घरांसाठी एक विनंती आहे. आमच्या भागात वारकरी पुष्कळ. शाकाहारात सगळं मिळतं असं आम्ही मानतो. बी-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतींत मिळत नाही; ते दूध-दह्यातून येतं आणि दूध विकून घर चालवणाऱ्याच्या ताटात ते फारसं नसतं. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असली की ते आणखी उतरतं. पायाला मुंग्या येतात म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला ‘शुगरमुळं होतं’ असं सांगण्याआधी बी-१२ तपासा.

आणि शेवटची तक्रार पावडरच्या डब्यांची. दवाखान्याच्या आवारातल्या दुकानातून प्रोटीन पावडरचा डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या बायका मी पाहते. हातावर पोट असलेल्या घराचा त्यात आठवड्याचा किराणा जातो. २०२४ मध्ये भारतातल्या ३६ पावडरी तपासल्या तेव्हा सुमारे सत्तर टक्क्यांत प्रथिनांचं लेबलावरचं प्रमाण खोटं निघालं. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय सूचनांतही अशा पावडरी टाळायला सांगितलं आहे. ऑपरेशननंतर किंवा मोठ्या आजारात गरज असेल तिथं जरूर लिहा. बाकीच्यांना फुटाणे, दाणे, सातू, घट्ट वरण, चालत असेल त्यांना अंडं लिहून द्या. निरोगी माणसाला दिवसाला एक अंडं पिवळ्या बलकासकट चालतं. तो बलक फेकायला सांगण्याचे दिवस गेले.

मला माहीत आहे की तुमच्या शिक्षणात पोषणाला फार थोडी जागा आहे. तो तुमचा दोष नाही. पण दुरुस्तीची साधनं इथंच आहेत. विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुखांच्या नावाची वैद्यकीय संस्था आहे, आणि जवळच परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, जिथं अन्न आणि पोषण शिकवणारं स्वतंत्र महाविद्यालय आहे. दोन्ही शहरांतल्या तुमच्या संघटनांनी या तिघांना एकत्र बसवून आमच्या खाण्याचा एक मराठी तक्ता करावा. त्यात भाकरी किती, वरण केवढ्या वाटीनं, कुठली चटणी, कुठली भाजी कुठल्या महिन्यात, उपवासाला काय आणि गोळीचं काय, हे ठळक अक्षरांत असावं. तो चिठ्ठीच्या मागच्या बाजूला छापावा म्हणजे वेगळा कागद हरवायचा नाही. उर्दू वाचणाऱ्या घरांसाठी नांदेडला उर्दूतही छापावा. आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘बंद’ लिहिल्यावर त्याच्याच खाली ‘वाढवा’ असं लिहून निदान दोन पदार्थ लिहावेत.

तक्ता करायला मदत लागली, वाट्या मोजायला, पदार्थ शिजवून वजन करायला माणसं लागली तर कळवा. माझ्या जुन्या विद्यार्थिनी दोन्ही जिल्ह्यांत आहेत, त्यांना घेऊन मी येईन. येत्या येळवशीच्या आत पहिला तक्ता छापून झाला पाहिजे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.



आपली,
गृहविज्ञानाची एक निवृत्त शिक्षिका
नांदेड